लंडन ते लोहारा, मार्गे जळकोट

आमच्या मामांनी उभ्या जन्मात एकही काम अर्धवट करून पुढं ढकललं नाही. ही तारीफ आहे असं ज्याला वाटेल, त्याचं मामांशी कधी काम पडलेलं नाही एवढंच मी म्हणेन. मामा म्हणजे माझ्या आईचे सख्खे थोरले भाऊ. निजामाच्या राज्यात तहसिलीत पेशकार, म्हणजे साहेबापुढं कागद मांडणारा कारकून, म्हणून लागले, निजामाचं राज्य गेलं तरी पेशकारच राहिले, आणि आमचा जिल्हा आधी मुंबई राज्यात अन् मग महाराष्ट्रात गेला तेव्हा रिटायर होऊन लोहाऱ्याला घरी बसले. घरी बसले असं आपलं म्हणायचं. सकाळी दहाच्या ठोक्याला काळी शेरवानी चढवून, गळ्यापर्यंत गुंड्या लावून ते ओसरीवरच्या बैठ्या मेजाशी बसत ते पाचाला उठत. वैशाखातलं लोहाऱ्याचं ऊन, पत्र्यावर पापड भाजून निघावा असं, आणि हे गृहस्थ शेरवानीत! मी एकदा म्हणालो, "मामा, आता कचेरी नाही, साहेब नाही. नुसत्या बंडीवर बसा की." तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "हुकूमत बदलते मास्तर, मिसल बदलत नाही." मिसल म्हणजे त्यांच्या कचेरीच्या बोलीत एखाद्या प्रकरणाच्या कागदांची फाइल. आणि मास्तर म्हणजे मी. गावच्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो. मामा मला नावानं कधी हाक मारत नसत.

मिसल उघडल्याशिवाय त्या घरात काही होत नसे. मामींची दाढ दुखायला लागली तेव्हा मामांनी कोरा पुठ्ठा घेतला, वर वळणदार अक्षरात लिहिलं, 'बाबत: दाढ, उजवी, खालची', आणि तुळजापूरचा वैद्य, उमरग्याचा डॉक्टर आणि सोलापूरचा दातवाला अशा तिघांना पत्रं धाडली. तिघांची उत्तरं येऊन त्यांचा ताळमेळ बसेपर्यंत दाढ एके दिवशी भाकरी चावताना आपोआप पडली. मामांनी ती धुतली, पुडीत बांधली, मिसलीला टाचली आणि पुडीवर लिहिलं, 'शेवटचा कागद'. कागद कुठला, दाढ होती ती! मामी ही गोष्ट सांगताना तोंडाला पदर लावून हसायच्या. माझ्या लग्नाचीही अशीच मिसल झाली. तामलवाडीचं स्थळ आलं होतं. मुलगी मी बघितली होती, मला आवडली होती, आणि तिलाही मी बरा वाटलो असावा. मामांनी तिच्या वडिलांना बावीस कलमांचं पत्र लिहिलं. अठराव्या कलमात, मुलीच्या आजोळच्या विहिरीचं पाणी गोडं की मचूळ, असं विचारलं होतं. त्या माणसानं चौदा कलमांची उत्तरं पाठवली. मामांनी राहिलेल्या आठ कलमांसाठी सगळे कागद परत केले. तेवढ्यात त्यानं मुलगी बार्शीला देऊन टाकली. हे मी चारचौघांत हसत सांगतो. पण खरं सांगायचं तर माझं अजून जळतं.

या खोडीला कारण होतं. ते मला मामींनी सांगितलं. मामांना नोकरीला लागून वर्षही झालं नसेल. एका मिसलीतला एक कागद यायचा होता, आणि मामांनी घाई करून ती तशीच वर पाठवली. अव्वल तालुकदार म्हणजे तेव्हाचा कलेक्टर. त्यानं भर कचेरीत मिसल उघडली, एक पान कमी बघितलं आणि सगळे कागद व्हरांड्यातून खाली भिरकावले. वारा सुटला होता. विशीतले मामा पक्षकारांच्या आणि चपराशांच्या पायांतून कागद वेचत फिरले, आणि लोक हसत बाजूला होत त्यांना वाट देत होते. त्या दिवशी मामांनी जो नियम केला तो मरेपर्यंत पाळला. "नामुकम्मल मिसल वर जात नसते." मुकम्मल म्हणजे पुरी, जिच्यात कुठं काही उणं नाही अशी. पुढं पुढं हे वाक्य आमच्या घरात पोरंटोरं म्हणायला लागली. दूध उतू गेलं तरी म्हणायची आणि परीक्षेत नापास झाली तरी म्हणायची.

मामांना एकच मुलगा, दिगंबर. आमचा दिगू. माझ्याहून वर्षानं लहान. आम्ही दोघं एकाच घरात वाढलो, एकाच ताटात जेवलो, आणि मॅट्रिकला मला त्याच्यापेक्षा जास्त मार्क पडले. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही. माझे वडील नव्हते. म्हणून मार्क मला आणि हैदराबादचं कॉलेज त्याला! मला मामांनी शब्द टाकून मास्तरकी मिळवून दिली, आणि त्या उपकाराखाली मी आजवर वाकून आहे. दिगू पुढं शिष्यवृत्ती मिळवून लंडनला गेला, इंजिनिअर झाला, तिकडंच नोकरीला लागला आणि तिकडच्याच एका नर्सशी लग्न करून मोकळा झाला. कळवलं ते लग्न झाल्यावर. मामांनी उत्तरात दोन शब्द लिहिले, "खबर पोचली." शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, शिव्यांना माणूस उलटून बोलतो तरी. मग दोन वर्षं तिकडून चिठ्ठी नाही, इकडून नाही. मामी रोज पोस्टमन यायच्या वेळेला दारात काहीतरी निवडायला घेऊन बसायच्या. तांदूळ निवडून झाले की तेच पुन्हा निवडायच्या.

आणि पाडव्यानंतर पंधरा दिवसांत एक पाकीट आलं. आत तिघांचा एक फोटो, आणि पत्र एवढंसंच. मी ते इतक्यांदा वाचलंय की पाठ झालंय. "बाबांना सा. न. मुलगा सव्वा वर्षाचा झाला. येत्या थंडीत मला महिन्याची रजा मिळेल. मी सारखं हैदराबादचं सांगतो म्हणून हिला ते शहर बघायचंय. विमान महाग आहे, पण स्वस्तातलं काही बघून जमवीन. आधी लोहाऱ्याला येऊ का? तुमची हरकत नसेल तर तेवढं कळवा." मामांनी पत्र तीनदा वाचलं. मग आत गेले, तोंड धुतलं, धुतलेली शेरवानी घालून बाहेर आले, मेजावरची तांबडी पेन्सिल उचलली आणि पत्राच्या समासात मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मंजूर'. खाली आपली ती लपेटेदार उर्दू सही आणि तारीख. मी शेजारी बसलो होतो. मी ते डोळ्यांनी बघितलं. मग त्यांनी नवा पुठ्ठा काढला आणि मला मजकूर मोठ्यानं वाचायला लावला: 'मिसल. बाबत: आमद चिरंजीव, सून व नातू. लंडन ते लोहारा, मार्गे जळकोट. शिवाय सैर, शहर हैदराबाद.' आमद म्हणजे येणं. मामी उंबऱ्यात येऊन उभ्या होत्या. "पुन्हा वाच रे," म्हणाल्या, "ते सून न् नातू पुन्हा वाच."

मी वाचलं. मामींनी डोळे पुसले आणि मामांना म्हणाल्या, "मग लिहा की त्याला, या म्हणून."

"लिहितोय."

"आजच्या टपालानं जाईल."

"अहो, अर्ज मंजूर झालाय," मामा म्हणाले. "आता नुसतं 'या' लिहून कसं चालंल? कोणत्या विमानानं यायचं, कुठं उतरायचं, लेकराला काय खाऊ घालायचं, सगळं मुकम्मल करून एकदाच पाठवतो. परमुलखातनं बाईमाणूस घेऊन यायचंय. खेळ आहे का?"

आता गंमत बघा. मामा जन्मात सोलापूरच्या पलीकडं गेलेले नव्हते. विमान त्यांनी बघितलं होतं ते एकदाच, पोलीस ॲक्शनच्या वेळी नळदुर्गाच्या बाजूला, आणि तेव्हा ते मिसली पोटाशी धरून खजिन्याच्या टेबलाखाली शिरले होते. हाच माणूस आता विमानाच्या मागं लागला. मुंबईच्या चार विमान कंपन्यांना अर्ज गेले. मामा सांगायचे, मी इंग्रजी करायचो. "कंपनीच्या सेवेशी नम्र विनंती की, अर्जदार सेवानिवृत्त पेशकार असून त्याची वर्तणूक आजपावेतो निष्कलंक आहे." मी म्हणायचो, "मामा, त्यांना तुमच्या वर्तणुकीचं काय करायचंय?" "लिही तू. अर्जात अर्जदार दिसला पाहिजे." आणि कंपन्यांनी उत्तरं दिली! पंधरा दिवसांच्या आत, गुळगुळीत कागदावर, रंगीत चित्रांसकट. एका चित्रात हसरी, टोपी घातलेली गोरी बाई हातात ट्रे घेऊन उभी होती. मामींनी ते चित्र मागून घेतलं आणि खूप वेळ बघत राहिल्या. मग मला हळूच विचारलं, "दिगूची बायको अशीच असंल का रे?" फोटोत सुनेचं तोंड उन्हानं नीट आलेलं नव्हतं. मी म्हणालो, "असेल." ते चित्र मामींनी मिसलीला लावू दिलं नाही. डाळीच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलं.

शाळेतला एक फाटका जगाचा नकाशा मामांनी माझ्याकरवी आणवला आणि देवघरात, तुळजाभवानीच्या तसबिरीशेजारी टांगला. मामींच्या शिवणातला तांबडा दोरा घेऊन लंडन, रोम, बैरूत, कराची, मुंबई, सोलापूर अशा टाचण्या टोचत दोरा आणला. शेवटची टाचणी जळकोटची. तिथून लोहाऱ्याला टाचणी टोचायला गेले तर जागाच नाही. नकाशावर जळकोट आणि लोहारा एकाच टाचणीखाली येत होते. मामांना ते पटेना. भिंग घेऊन त्यांनी अर्धा तास बघितलं आणि म्हणाले, "नकाशा चूक आहे."

दोन-तीन महिन्यांत मामांना जे कळलं ते मुंबईच्या कंपनीतल्या कारकुनाला ठाऊक नसेल. कुठल्या वारी विमान रिकामं जातं म्हणून तिकीट उतरतं, हे त्यांना ठाऊक. बैरूतला विमान बदलताना रात्रभर ताटकळायला लागलं तर राहणं-जेवण कंपनीच्या गळ्यात, हे ठाऊक. "म्हणजे बैरूत फुकटात बघून होतं," मामा मेजावर थाप मारून सांगायचे, जसं काही बैरूत उमरग्याच्या बाजारासारखं आहे. आणि सगळ्यात मोठा शोध: दोन वर्षांच्या आतलं मूल आईच्या मांडीवर बसलं तर त्याचं तिकीट नावापुरतं. दोन वर्षं झाली की अर्धं. नातवाला पौषात दोन पुरी होणार होती. "पौषाच्या आत पाय लागला पाहिजे," हे मामा दिवसातनं दहादा म्हणायचे. हैदराबादचे तीन दिवस तर त्यांनी तासातासानं आखले होते. चारमिनार सकाळी, ऊन चढायच्या आत. गोवळकोंडा तिसऱ्या प्रहरी, सोबत पाणी. सुनेला बांगड्या लाडबाजारातच, पण पहिल्या दुकानात नाही. मध्येच एका दुपारी एक तास मोकळा ठेवलेला होता आणि पुढं लिहिलं होतं, 'महसूल कचेरीचा पडवीचा भाग, जिथं अर्जदार खात्याच्या परीक्षेला बसला'. मी विचारलं, "तिथं बघायचं काय?" मामा म्हणाले, "बघायचं काही नाही. नुसतं उभं राह्यचं."

परतीच्या सामानाचंही तसंच. विमानात वीस किलोच्या वर सामान नेऊ देत नाहीत हे कळल्यावर मामींच्या शेंगदाण्याच्या चटण्या, मेतकूट, उडदाचे पापड आणि नातवासाठी शिवलेली दुपटी असं सगळं गाठोडं आडत्याच्या काट्यावर गेलं. आडत्या अजून शेरात बोलायचा, कंपनी किलोत, आणि मामा मध्ये उभे. गाठोडं भरायला लागलं जास्त. मामांनी एक चटणी काढली, मामींनी ती परत घातली आणि मेतकूट काढलं, मामांनी मेतकूट घातलं आणि दुपटं काढलं. तेव्हा मामी भर आडतीत ओरडल्या, "दुपट्याला हात लावाल तर बघा!" आडतीतले हमालसुद्धा वळून बघायला लागले. त्या बाईंना एवढ्या मोठ्यानं बोलताना गावानं कधी ऐकलं नव्हतं.

तर लंडनपासून जळकोटपर्यंत सगळं ठरलं, आणि गाडं अडलं जळकोटला. सोलापूरहून हैदराबादला जाणारी मोटार जळकोट फाट्यावर थांबायची. तिथून लोहाऱ्याला कच्चा रस्ता. त्या रस्त्यावर खंडूची जीप चालायची, मिलिटरीच्या लिलावातली, परमिट नसलेली. मामांना हवं ते एवढंच, की सोलापूरची मोटार फाट्यावर किती वेळ थांबते आणि तोवर जीप तिथं असते का, हे खंडूनं लेखी द्यावं. खंडू गावात नवा, दिगूला त्यानं कधी बघितलेलं नव्हतं. पण माणूस दिलदार.

"आसती की वो पेशकारसाहेब," तो म्हणाला. "मोटार धा मिंटं ऱ्हाती, लोकं च्या पित्यात. म्या तितंच उभा आसतो. तुमचं पोरगं येतंय म्हंजी काय, डोक्यावर बसवून आणतो."

"मग तेवढंच लिहितो मी. खाली अंगठा कर."

"अंगठा न्हाय."

"का?"

"तोंडानं शंभर डाव सांगतो. लेखी दिलं की ते तहसिलात जातंय, आन् तहसिलातनं फौजदाराकडं."

"अरे, घरच्या मिसलीत राहील."

"मिसलच की वो ती!"

खंडूचंही काही चूक नव्हतं. आमच्या मुलखात कागदावर अंगठा दिला आणि भलं झालं असं कुणाचं झालेलं नाही. आणि मामा तोंडी शब्दाला कागद मानायला तयार नाहीत. दर बाजाराच्या दिवशी मामा शेरवानीत जीपपाशी जाऊन उभे राहायचे आणि खंडू बॉनेट उघडून आत डोकं घालायचा. सगळं गाव हसायचं. शाळेत मधल्या सुट्टीत मी नकला करून दाखवायचो, मामांच्याही आणि खंडूच्याही. हेडमास्तर तर फर्माईश करायचे.

दसऱ्याला लंडनहून दुसरी चिठ्ठी आली. दोनच ओळी. "माझं पत्र पोचलं का? तिकिटं काढायची आहेत." मामांनी तिच्यावर 'तजवीज चालू' असा शेरा मारला आणि ती मिसलीला टाचली. त्या दिवशी मामींनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. पुढं ताट मांडलं आणि माझ्या शेजारी बसल्या. "तुला इंग्रजी पत्ता लिहिता येतो ना बाबा? दोन ओळी लिही. म्हणावं, या. ह्यांना सांगू नको." मी म्हणालो, "मामांना न विचारता कसं लिहू?" त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी मला आमटी वाढली.

पोस्ट आमच्या शाळेला लागून होतं. पत्ता मला पाठ होता. 'मंजूर' मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. मामांचा धाक होता, हे खोटं आहे. मी चांगला तिशीचा होतो. मला वाटलं, राहू दे जरा ताटकळत. लंडनला बसून वाट बघायला काय जातंय? आठ कलमांपायी माझं लग्न मोडलं, तेव्हा हा तिकडं नाचत होता. आता एका अंगठ्यापायी याचं येणं अडलं तर अडू दे. इतकं स्पष्ट मी तेव्हा मनाशीसुद्धा म्हणालो नव्हतो. पण मनात होतं ते हेच होतं, आणि ते लपवायचं आता माझं वय राहिलेलं नाही.

मार्गशीर्षात एके सकाळी खंडू आपण होऊन मामांच्या ओसरीवर आला. जळकोटहून कुणाचा तरी निरोप होता. निरोप सांगून झाला तरी उठेना. गप्पिष्ट गडी. मी रविवार म्हणून तिथंच होतो.

"काल फाट्यावर एक नवल झालं बगा," तो म्हणाला. "सोलापूरच्या मोटारीतनं एक साहेब उतरला, सोबत गोरी मडम आन् कडंवर पोरगं. सगळी बगायला लागली. पन साहेब मराठीच बोलत व्हता, आपल्याच भागातलं. च्या घेतला. मला इचारलं, लोहाऱ्याचा रस्ता ह्योच का? म्हन्लं, ह्योच, चला की, जीप रिकामीच हाय. तर नको म्हन्ला."

मामांची पेन्सिल थांबली. मामी आतून येऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

"का नको म्हणाला?" मामांनी विचारलं.

"म्हन्ला, बोलावणं न्हाय. म्या म्हन्लं, आपलंच गाव आसंल तर बोलावणं कशाला वो? त्यावर हसला. पोराला उचलून रस्ता दावला त्यानं, लई येळ दावत व्हता. मडमंनं त्येच्या पाठीवर हात ठिवला. मग मोटारीचा भोंगा झाला आन् गेली हैदराबादकडं."

सोलापूरहून हैदराबादला रेल्वे जाते. बायको-मूल असलेला माणूस रेल्वेनंच जातो. ती सोडून दिगू धक्के खात मोटारीनं का आला, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"मोटार किती वेळ थांबली?" मामांनी विचारलं. आवाज नेहमीचा, कचेरीतला.

"धा मिंटं."

"घड्याळ कुणी बघितलं?"

"त्या साहेबानंच की. दोनदा बगितलं." आणि मग खंडूच्या काहीतरी ध्यानात आलं. त्यानं मामांच्या तोंडाकडं बघितलं, मामींकडं बघितलं, भिंतीवर लावलेल्या त्या तिघांच्या फोटोकडं बघितलं. "पेशकारसाहेब," तो म्हणाला, "पोराचं नाक... त्यो तुमचा ल्योक व्हता का वो?"

मामांनी मिसल ओढून कोऱ्या कागदावर लिहिलं, 'सोलापूरची मोटार जळकोट फाट्यावर दहा मिनिटं थांबते. जीप हजर असते. तस्दीक झाली.' तस्दीक म्हणजे खातरजमा. लिहिताना ओळ वाकडी गेली नाही. खंडू उठला, आपण होऊन शाईच्या दौतीत अंगठा बुडवला आणि म्हणाला, "कुटं करू?" मामांनी बोटानं जागा दाखवली. अंगठ्याखाली त्यांनी लिहिलं, 'मुकम्मल'.

"झाली का पुरी?" मामी म्हणाल्या. "आता पाठवा." आणि आत निघून गेल्या. नंतर डाळीच्या डब्याचं झाकण आपटल्याचा आवाज आला. मामा मला म्हणाले, "मास्तर, मुलगा आपल्या रस्त्यानंच आला. मार्ग बरोबर काढला होता मी." मी 'हो' म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

खंडूनं त्याच दिवशी जीप काढून उमरग्यापर्यंत फेऱ्या मारल्या, हैदराबादहून येणाऱ्या मोटारी तीन-चार दिवस अडवून बघितल्या. कुणी सापडलं नाही. परतताना ते रेल्वेनं गेले असावेत. मामांनी मिसलीला सुतळी बांधली, वर 'दाखल दफ्तर' असं लिहिलं, म्हणजे प्रकरण संपलं, आता हे उघडायचं नाही. आणि ट्रंकेत ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी दहा वाजले तरी मेजाशी कुणी आलं नाही. मामा अंगणात बंडीवर बसले होते. शेरवानी त्यांनी पुन्हा घातली नाही. इतकी वर्षं मी म्हणत होतो बंडीवर बसा, आणि आता ते बंडीवर बसलेले मला बघवेनात. कितीदा तरी वाटलं, पाय धरून म्हणावं की मामा, दोन ओळी मी लिहू शकलो असतो. तेही जमलं नाही.

मामा गेले तेव्हा मी दिगूला तार केली. तारेनं उत्तर आलं, इंग्रजीतलं, परक्या माणसाला पाठवतात तसं. वर्षात मामीही गेल्या. घर आवरताना ट्रंकेतली मिसल माझ्या हाती आली. सुतळी सोडली. चांगली वीतभर जाड भरली होती. रंगीत विमानं, बैरूतचं हॉटेल, चारमिनारची वेळ, खंडूचा अंगठा, आणि सगळ्यांत खाली ते पहिलं पत्र. तांबडी पेन्सिल जराही फिकी झालेली नव्हती. मी बाकी सगळं परत बांधलं, ते एकच पत्र पाकिटात घातलं, सोबत एक अक्षर न लिहिता, आणि शाळेशेजारच्या पोस्टात टाकलं. दोन मिनिटांचं काम होतं.

तीन आठवड्यांनी दिगूचं उत्तर आलं. मराठीत, आणि या वेळी माझ्या नावावर. "मंजूर वाचलं. खालची तारीख बघितली. पत्र पोचलं त्याच दिवसाची असणार. म्हणजे ते पहिल्या दिवसापासून हो म्हणत होते. मग मला कळवलं का नाही कुणी? तू तर तिथंच होतास."

याला बरीच वर्षं झाली. उत्तर द्यायचंय मला. पण नुसतं 'चुकलो' लिहून कसं चालेल? तामलवाडीचं लिहायला हवं, मॅट्रिकच्या मार्कांचं लिहायला हवं, मामींनी वाढलेल्या आमटीचं लिहायला हवं, आणि कुठून सुरुवात करावी तेवढंच ठरत नाही. मेज मामांचंच आहे, माझ्याकडं आलंय. उशिरा का होईना, माझंही लग्न झालं; बायको अधूनमधून विचारते, "दिगूभावजींना लिहिलं का हो?"

मी म्हणतो, "लिहितोय."